तुझे पुसलेले रेकॉर्ड परत आलेत

प्रिय बाळ्या,

स. न. वि. वि. उत्तराला उशीर केला म्हणून शिव्या द्यायच्या असतील तर हे वाचून झाल्यावर दे. प्रकृती ठीक, साखर होती तेवढीच आहे.

पतसंस्थेचा तो सगळा फॉक्सप्रोचा, म्हणजे आपल्या जुन्या डेटाबेसचा, संसार पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर न्यायचं काम चालू आहे. घरात कुणाला सांगावं तर 'हो का' म्हणतात, ऑफिसातल्या पोरांना फॉक्सप्रोची डीबीएफ फाइल म्हणजे काय तेच माहीत नाही. म्हणून तुला लिहितोय. शिवाय अर्धा गुन्हा तुझा आहे.

खातेउताऱ्याची गोष्ट. आपण कसं करायचो? सीक करून खात्यावर पोचायचं, मग स्कॅन लावून एकेक नोंद घ्यायची, एका व्हेरिएबलमध्ये जमा मिळवायची, नावे वजा करायची, एंडस्कॅन. इथं ते एका ओळीत होतं: सम, ओव्हर, पार्टिशन बाय खाते, ऑर्डर बाय तारीख, म्हणजे खात्यागणिक तारखेच्या क्रमाने चढती बेरीज. अखेरची शिल्लक पैशापर्यंत जुळते, मधल्या ओळी मात्र चुकतात. समज, शिल्लक १०,००० आहे आणि एकाच तारखेला ५,००० जमा, २,००० नावे, ५०० जमा. उताऱ्यात १५,०००, १३,०००, १३,५०० असं यायला हवं. येतं काय, तर तिन्ही ओळींत १३,५००. ऑर्डर बायमध्ये नुसती तारीख दिली की एका तारखेच्या सगळ्या नोंदी बरोबरीच्या धरल्या जातात आणि प्रत्येकीपुढे त्या गटाची अखेरची बेरीज पडते. यंत्र चुकत नाही, नियमच तसा आहे. रो-निहाय चौकट मागितली तर बेरीज ओळीगणिक पडते, पण एका तारखेतल्या नोंदींत आधी कोणती आणि नंतर कोणती हे तरीही ठरत नाही.

आपल्याला हा प्रश्न कधी पडलाच नाही, कारण फाइलमधला क्रम फुकट मिळतो असं धरून चालायचो. पोस्टग्रेसच्या टेबलाला असा क्रम नसतो. न मागता ओळी आज एका क्रमाने येतील, उद्या अपडेट झाल्यावर वेगळ्या. तेव्हा डीबीएफ आणतानाच रेकनोचा, म्हणजे फाइलमधल्या रेकॉर्डच्या अनुक्रमांकाचा, वेगळा कॉलम करायचा आणि ऑर्डर बायमध्ये तारखेनंतर तो लावायचा, असा साधा उपाय दिसतो.

आणि इथं तू उगवतोस! पॅक करायचं नाही, म्हणजे डिलीटची खूण केलेले रेकॉर्ड फाइलीतून कायमचे काढायचे नाहीत; तसा रेकॉर्ड शोधून रिकॉल करायचा, म्हणजे खूण उठवायची, आणि त्यावरच नवी नोंद रिप्लेस करायची, म्हणजे फाइल फुगत नाही. मी म्हणायचो महिनाअखेरीला पॅक कर. तू म्हणायचास, त्याला फाइल एक्सक्लुझिव्ह लागते, काउंटर बंद ठेवू का? आणि मध्येच वीज गेली तर तू भरून देणार का? विजेचं तुझं खरं होतं, मान्य. पण आता दुपारची नोंद सकाळच्या नोंदीआधी बसली आहे आणि रेकनो कवडीमोलाचा झालाय. क्रम लागतो तो तारीख, मग व्हाउचर नंबर, मग व्हाउचरमधली ओळ असा. १ एप्रिलला नंबर पुन्हा एकपासून सुरू होतो, पण तारीख आधी असल्यामुळे ते निभतं. तपासायची युक्ती देतो: बचत खात्यांत मध्येच उणे शिल्लक दाखवणाऱ्या ओळी काढ. ओव्हरड्राफ्ट नसलेल्या खात्यात उणे आलं की बहुधा क्रम बिघडलेला असतो.

बाकीच्या खोड्या भराभर सांगतो. सेट एक्झॅक्ट ऑफवर आपलं 'बरोबर' चिन्ह पहिली अक्षरं जुळली तरी हो म्हणायचं. इथं पूर्ण जुळावं लागतं, त्यामुळे जुन्या अटी मुकाट्याने शून्य ओळी देतात. रिकामी तारीख नावाचा प्रकारच नाही. ती नल (म्हणजे 'माहीत नाही') होते किंवा मधल्या ड्रायव्हरमुळे ३० डिसेंबर १८९९ बनून येते, आणि नलमध्ये पाच मिळवले तरी नलच. आयात करताना कॉलमची नावं कॅपिटलमध्ये आली तर दुहेरी अवतरणाशिवाय ती सापडतच नाहीत. पोस्टग्रेसचं टेबल पाहायच्या पीजीॲडमिनमध्ये प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख) नसलेल्या टेबलात आकडा बदलता येत नाही. आपल्या ब्राउझमध्ये आकडा थेट बदलायचा, कंट्रोल-टी मारलं की नोंदीवर डिलीटची खूणही व्हायची, आणि कुणी केलं ते देवालाही कळायचं नाही.

सभासदांची नावं हे वेगळंच प्रकरण. डॉसवरची फाइल इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतात, तिच्यात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर. नंतरची फाँटच्या सांकेतिक आकड्यांत, तिथं वेलांटी व्यंजनाआधी. एकच रूपांतर दोन्हींना लावलं की 'विठ्ठल'ची पार वाट लागते. युनिकोड झाल्यावरही काळे कावळ्यांच्या आधी येतात, कारण आकड्यांच्या क्रमात 'ळ' हा 'व'च्या आधी आहे. मराठीचं आयसीयू कोलेशन (भाषेप्रमाणे क्रम लावायचा नियम) लावलं की 'ळ' 'ह'नंतर जातो आणि यादी सुधारते.

आता खरी कुरकुर. बाळ्या, आपल्याला नक्की काय येत होतं? रेकॉर्ड पॉइंटर कुठे उभा आहे हे डोळे मिटून सांगायचो, लॉक कुठे अडेल ते वासावरून कळायचं. त्याला आता गिऱ्हाईक नाही. इथं 'काय हवं' तेवढं सांगायचं, 'कसं आणायचं' ते डेटाबेसमधला प्लॅनर ठरवतो, आणि आपला हात सारखा स्कॅनकडे जातो. लाख ओळींवर लूप चालवण्यापेक्षा एक अपडेट बरा, हे पटतं. अंगात मुरत नाही. पोरं चौकशीची ओळ (क्वेरी) झरझर लिहितात. पण नावे-जमा जुळून अखेरची शिल्लक बरोबर आली की त्यांचं काम संपतं, मधला उतारा कुणी वाचत नाही. तो वाचायची खोड आपल्याला नानांनी लावली, रोज संध्याकाळी हातात पेन्सिल घेऊन. ती अजून चालते. बाकीचं पुन्हा शिकाऊ होऊन शिकायचं. या वयात पंचविशीच्या पोराकडून एक्सप्लेन ॲनालाइज (प्लॅनरने कोणती वाट धरली ते दाखवणारी आज्ञा) समजून घेताना मान खाली जाते, पण तो सांगतो छान. लाख ओळी भरल्यावर ॲनालाइज (टेबलाचा अंदाज ताजा करणारी वेगळी आज्ञा) चालवलं नाही तर प्लॅनर जुन्या अंदाजावर चुकीची वाट धरतो, हे त्यानंच दाखवलं.

धाकटीचं कॉलेज मार्गी लागलं ना? वहिनींना नमस्कार. घर रंगवून झालं असेल तर फोटो पाठव.

आणि मुख्य काम: तुझी ती रिकॉलची युक्ती नुसत्या व्यवहारांच्या फाइलीत होती की ठेवी आणि कर्जातही? कर्जात असेल तर हप्त्यांचा क्रमही तपासावा लागेल आणि तिथं सगळीकडे व्हाउचर नंबर नाही. लगेच कळव.

तुझा,
अण्णा