बाहुलीसोबतचे फोटो रद्दीत देऊ नका

महोदय,
चाळ पुनर्विकासाला गेली की माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात आणि त्यातले जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले जुने फोटो चोरबाजाराच्या वाटेला लागतात. त्यातले बाहुली छातीशी धरून उभ्या असलेल्या मुलींचे फोटो मला फार मोलाचे वाटतात. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच स्थापन झाली होती. त्या काळच्या ओल्या काचेच्या तंत्रात, म्हणजे रसायन लावलेली काच ओली असतानाच तिच्यावर फोटो घेण्याच्या पद्धतीत, काही सेकंद अगदी निश्चल राहावे लागे. चुळबुळ्या पोरीला ते कसे जमावे? हातात बाहुली दिली की निदान हात तरी स्थिर राहत. पुढे आधीच रसायन लावून वाळवलेल्या कोरड्या काचा आल्या, स्थिर राहण्याचा वेळ कमी झाला, तरी बाहुली काही फोटोतून गेली नाही. मागचा रंगवलेला पडदा आणि कोरीव खुर्ची स्टुडिओची असे. बाहुलीही कित्येकदा तिथलीच. म्हणून फोटोतल्या खेळण्यावरून घरच्या श्रीमंतीचा अंदाज बांधणे मला पटत नाही.

मुंबईची दमट हवा या फोटोंची वैरीण. बुरशी धरते, कडा चंदेरी पडतात. कृपया लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. घरातल्या आजीला विचारून मुलीचे नाव मागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहा; नाव गेले की फोटो अनोळखी होतो. आपल्या दैनिकाने वाचकांकडून असे फोटो नावांसह मागवून रविवारच्या पुरवणीत छापावेत, ही आग्रहाची विनंती.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई