आवाजामागचं घर

महोदय,

मोठ्या गायकांवर लिहिताना त्यांचं घर दोन ओळींत उरकलं जातं, याची मला फार खंत वाटते. जर्मन बॅरिटोन डीट्रिख फिशर-डिस्काउ (१९२५–२०१२) यांचंच घ्या. टेनर (पुरुषाचा उंच आवाज) आणि बास (खर्जातला आवाज) यांच्या मधला तो आवाज, ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टच्या गीतांमुळे जगभर पोचलेला. दुसऱ्या महायुद्धात इटलीत युद्धकैदी असताना ते सोबतच्या कैद्यांसाठी गायचे. १९४९ मध्ये चेलो हे व्हायोलिनच्या जातीचं मोठं वाद्य वाजवणाऱ्या इर्मगार्ड पोपेन यांच्याशी त्यांचं लग्न झालं. १९६२ मध्ये, जर्मन बाँबनी उद्ध्वस्त केलेल्या इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहराच्या नव्या कॅथेड्रलमध्ये, इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्या ‘वॉर रिक्विएम’ या युद्धातल्या मृतांसाठीच्या संगीतरचनेच्या पहिल्याच प्रयोगात ते मारल्या गेलेल्या सैनिकाच्या तोंडचं गाणं गायले. अंगावर काटा येतो.

पुढच्याच वर्षी तिसऱ्या मुलाच्या जन्मानंतर इर्मगार्ड गेल्या. पदरी तीन मुलं, त्यातलं एक तान्हं, आणि गाणं तर थांबलं नव्हतं. त्यांची ध्वनिमुद्रणं ऐकताना मला हे हमखास आठवतं. पुढे १९७७ मध्ये सोप्रानो, म्हणजे उंच आवाजाच्या गायिका, युलिया वाराडी लग्न करून त्यांच्या घरात आल्या. आणि ते तान्हं मूल? मोठं होऊन आईसारखंच चेलो वाजवू लागलं.

– एक श्रोता