पुलाची कंपनं वाचायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

रेल्वेच्या पुलावरून गाडी जातानाच्या कंपनांच्या नोंदी तुम्ही आमच्यासोबत बसून तपासल्यात, त्याबद्दल मनापासून आभार. सर्वांत मोलाचं ठरलं ते तुमचं एक सांगणं: शेवटची चाकं उतरली म्हणून नोंद थांबवू नका. गाडी वर असेपर्यंत तिचं वजनही गर्डरबरोबर, म्हणजे पुलाच्या मुख्य तुळईबरोबर, हलतं आणि वारंवारिता (सेकंदाला किती कंपनं) बदलते. ती उतरल्यावरच गर्डर स्वतःच्या वारंवारितेने कंप पावतो.

तुमचं उदाहरण आता आम्ही प्रत्येक नव्या माणसाला देतो. 20 मीटरचा, दोन टोकांना टेकलेला गाळा (दोन आधारांमधला पुलाचा भाग), वारंवारिता 4 हर्ट्झ. एकट्या भारासाठी क्रांतिक (धोक्याचा) वेग 2 × 4 × 20, म्हणजे सेकंदाला 160 मीटर, ताशी 576 किलोमीटर. हा आकडा पाहून निर्धास्त राहता येत नाही, कारण डबे एकामागून एक येतात. 18 मीटरच्या डब्यांची गाडी ताशी 259 किलोमीटरने गेली तर दर आवर्तनाला (गर्डरच्या एका पूर्ण हेलकाव्याला) एक धक्का बसतो, ताशी 130 ने गेली तर दर दोन आवर्तनांना एक.

मग प्रश्न डॅम्पिंगचा, म्हणजे कंपन किती लवकर विरतं याचा. 10 आवर्तनांत आयाम (हेलकाव्याची उंची) निम्मा होत असेल तर डॅम्पिंग 1.1 टक्के. ताशी 130 ला पुढचा डबा येतो तेव्हा आधीच्या धक्क्याचा 87 टक्के आयाम शिल्लक असतो. लांब गाडीत हे साचत जाऊन एका डब्याने उठवलेल्या कंपनाच्या साडेसात पटींच्या पुढे जातं. डॅम्पिंग दुप्पट असतं, तर चौपटीच्या आसपास थांबलं असतं.

म्हणून नोंदीच्या अडीच सेकंदांच्या तुकड्याचा स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारितेला किती कंपन, याचा आलेख) काढून शिखराच्या रुंदीवरून डॅम्पिंग ठरवायला तुम्ही ठाम विरोध केलात. तिथे विभेदन, म्हणजे वेगळा दिसू शकणारा सर्वांत लहान फरक, 0.4 हर्ट्झ, आणि शिखराची खरी रुंदी जेमतेम 0.09. शिखर पसरतं, डॅम्पिंग फुगतं आणि पूल आहे त्याहून सुरक्षित भासतो. त्याऐवजी विरत जाणाऱ्या कंपनाच्या नोंदीतल्या पहिल्या आणि अकराव्या शिखराचं गुणोत्तर घ्यायचं, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम 10 ने आणि मग 2π ने भागायचा. नको त्या वारंवारिता गाळणारा फार अरुंद फिल्टरही नको, तो स्वतःच घुमत राहतो.

सेन्सरच्या जागाही तुम्हीच बदलायला लावल्यात. गाळ्याच्या बरोबर मध्यावर दुसऱ्या प्रकारचं कंपन (ज्यात गाळ्याचे दोन अर्धे उलट दिशांना हलतात) दिसतच नाही, म्हणून पाव गाळ्यावर एक हवा. पीळ पकडायला दोन्ही कडांना हवेत. कठड्यावर मात्र नको, तिथे कठड्याचंच कंपन नोंदलं जातं.

आणि रुळांखालच्या खडीचा मुद्दा. आमचं सगळं लक्ष गर्डरच्या ताणावर असायचं. पुलाचं त्वरण 0.7g च्या (g म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) आसपास गेलं की खडीची पकड सुटू लागते, म्हणून युरोपीय मानकांत खडीच्या मार्गाला त्याच्या निम्मी, 3.5 मीटर प्रति सेकंद वर्ग, एवढीच मुभा आहे. आता ताणाच्या आकड्याशेजारी त्वरणाचा आकडा नसेल तर आमच्याकडे अहवाल पुढे जात नाही.

आपले कृतज्ञ,
मोजणी पथकातले सर्वजण