उद्यमनगरातल्या मेस्त्रींना, एका पिवळ्या दिव्याबद्दल

आदरणीय मेस्त्री,
सप्रेम नमस्कार.

आधी विचारलं असतं तर "कशाला वो बाई" म्हणाला असतात, म्हणून तुम्ही माझी गाडी कशी दुरुस्त केलीत ते न विचारताच लिहिते आहे. भाचा वाचून दाखवेल. तुमचं नाव घालत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथच्या खडखडाटातही ज्यांना मेस्त्री म्हटलं की कळतं, त्यांना कळेलच.

माझी गाडी २०१५ सालची, मी घेतली तेव्हाच दुसऱ्या हाताची. चारही चाकांना ताकद देणारी गाडी मिरवायला घेतली नव्हती. आई गगनबावड्याला एकटी राहते आणि डांबरी सोडल्यावर घरापर्यंत तीनेकशे मीटरचा तांबड्या चिखलाचा चढ आहे. आषाढात त्या चढावर साधी गाडी घातली की मागं घसरत पायरीच्या दगडाशी येऊन थांबते. दर शनिवारी शाळा सुटली की कोल्हापूरहून निघायचं, पंचावन्न किलोमीटर, आणि शेवटच्या त्या चढाला चारही चाकं जुंपणारा नॉब 'लॉक'वर फिरवायचा.

दोन पावसाळे त्या नॉबनं मला छळलं. कधी कळ्याच्या पुढं, कधी साळवणात, कधी ऐन चढावर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागायचा आणि मागची चाकं हात वर करायची. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की दिवा गायब. आठवडाभर काही नाही, मग एका शनिवारी तीनदा. आणि दुरुस्तीला नेलं की एकदम शहाणी! वर्गात असतात ना काही पोरं, मुख्याध्यापक दाराशी आले की हाताची घडी घालणारी, तशी.

तुमच्याकडे येण्याआधी दोन ठिकाणी गेले होते. पहिल्या ठिकाणी कॉम्प्युटर लावला, एका चाकाचा सेन्सर बदलला, पैसे घेतले. पुढच्या शनिवारी दिवा हजर. दुसऱ्या ठिकाणी मी लक्षणं सांगायला लागले तर समोरच्यानं मधेच तोडलं, "साहेबांना घेऊन या ना." साहेब नाहीत म्हटल्यावर थेट आकडा सांगितला: मागच्या चाकांना ताकद जोडणारं अख्खं कपलिंग बदलावं लागेल, दीड लाखाच्या वर. मी गाडीत बसून बराच वेळ स्टिअरिंगकडे बघत होते. दीड लाखात आईच्या घरापर्यंत फरशी घालून झाली असती.

तुम्ही बॉनेट उघडलंच नाहीत. स्टुलावर बसवलंत, चहा सांगितलात आणि विचारत सुटलात. "दिवा कवा लागतोय? चढाला का सपाटीला? गाडी किती तापल्यावर? मागं काय भरलेलं असतंय?" मला अर्ध्याचीही उत्तरं देता येईनात. तेव्हा म्हणालात, "बाई, तुमी पोरांना वही घालायला लावता न्हवं? आता तुमी घाला." दोन आठवडे मी वही घातली. वेळ, पाऊस, गिअर, ओझं, वळण कुठल्या बाजूचं. शनिवार-रविवार आणि मधली एक सुट्टी धरून अकरा नोंदी.

मधल्या काळात तुम्ही टायरांवर बोट ठेवलंत. उन्हाळ्यात मी पुढचे दोनच टायर नवे घातले होते, मागचे चालतील म्हणून. हा दोष माझा आणि माझ्या काटकसरीचा, दुसऱ्या कुणाचा नाही. तुम्ही बोळात पुढच्या-मागच्या टायरला आणि खाली जमिनीला खडूच्या खुणा केल्यात आणि पोरांना गाडी ढकलायला लावलीत. दहा फेऱ्या. मागच्या चाकाची खूण दहाव्यांदा जमिनीला टेकली तेव्हा पुढच्याची टेकायला जवळजवळ फूटभर बाकी होतं! नव्या टायरची नक्षी आठ मिलिमीटर, जुन्याची तीन. हा एवढासा फरक, पण माझ्या मापाच्या जुन्या टायरच्या किलोमीटरमागे सातएक फेऱ्या जास्त होतात, हे मी घरी येऊन गणित मांडून पाहिलं. गगनबावड्यापर्यंत पावणेचारशे. तेवढा फरक ते बिचारं कपलिंग आतल्या आत घासत सोसत होतं. पुढची-मागची चाकं सारखी फिरत नसल्यानं कपलिंग तापे, आणि फार तापलं की जळू नये म्हणून गाडीचा मेंदू ते सोडून देई. दिवा लागायचा तो आपला बचाव करताना. पोरांना गुणोत्तर शिकवताना मी आता हेच उदाहरण देते.

मागचे दोन टायर बदलले, कपलिंगचं तेलही नवं घातलंत. सपाटीवरचा दिवा गेला. चढावरचा राहिला. इथं दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बघा, कपलिंगच गेलंय. तुम्ही वही मागितलीत. नव्या टायरांनंतरच्या चार नोंदी होत्या आणि चारही सारख्या: पहिला गिअर, चढ, उजवं वळण, मागं खताची पोती किंवा गॅसची टाकी. तुम्ही वहीवर काळं बोट फिरवलंत (तो ठसा अजून आहे) आणि म्हणालात, "तापून न्हाई जात हे. वढ बसल्यावर जातंय."

त्यानंतरचा अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. गाडी खड्ड्यावर घेतलीत, इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, नॉब लॉकवर. मला आत बसवून दिव्यावर लक्ष ठेवायला सांगितलंत. खाली जाऊन कपलिंग बसवलेल्या मागच्या हाउसिंगला पहार लावलीत आणि हळूच रेटलीत. रबरी बुशवर टांगलेलं ते धूड बोटभर हललं असेल, आणि माझ्यासमोर दिवा लागला. मी खिडकीतून ओरडले, "लागला, लागला!" बोळातली माणसं बघायला लागली. दोन पावसाळे ज्यानं मला नाचवलं, त्याला तुम्ही पहारीनं बोलावलंत.

मग ती वायर. कपलिंगला करंट नेणारी. दोन्ही टोकं सोडवून तुम्ही मीटरच्या पिना माझ्या हातात दिल्यात, "लावा बगू." मीटर पिप्प वाजला, म्हणजे वायर जोडलेली. माझा चेहरा पडला. तुम्ही हसलात आणि जुन्या इंडिकेटरचा बल्ब काढलात, एकवीस वॅटचा. गाडीचा करंट त्या वायरीतून बल्बला दिलात, तर बल्ब उदबत्तीच्या टोकासारखा लाल. चांगल्या वायरीनं दिला तर डोळे दिपले. मीटरला वाजायला एक केसाएवढी तार पुरते, कपलिंगला नाही, हे तुम्ही सांगायच्या आधी मला दिसलं होतं. आवरण चिरलंत तर आत हिरवी भुकटी आणि कशाबशा टेकलेल्या दोन तारा. आधी कधीतरी कुणीतरी ती वायर धरून ठेवणारी क्लिप मोडल्यावर ती ताणून बांधून टाकली होती. ओझ्यानं आणि चढावर हाउसिंग फिरलं की वायर ताणायची, दोन तारांतली एखादी सुटायची. सपाट फरशीवर, रिकाम्या गाडीत ती कॉम्प्युटरला सापडणार तरी कशी?

नवा तुकडा जोडलात, डाक दिलात, वर नळी तापवून बसवलीत, चार बोटं ढील ठेवलीत, नवी क्लिप. बिल साडेआठशे. मी नोटा जास्त पुढं केल्या तर वरच्या परत केल्यात आणि वर ऐकवलंत की बुश पण सैल झालाय, दिवाळीनंतर बदला, आत्ता घाई नाही. ज्या माणसानं घाबरवून माझ्याकडून कितीही घेतले असते, त्यानं "घाई नाही" म्हणावं, हे मला पहिल्या दोन ठिकाणांनंतर पचायला वेळ लागला.

आणि एक. पूर्ण वेळात तुम्ही साहेब कुठे आहेत असं एकदाही विचारलं नाहीत.

त्यानंतर सहा शनिवार झाले. परवा चढावर धो धो पाऊस, मागं दोन पोती आणि आईच्या दोन मैत्रिणी. उजव्या वळणावर मी श्वास रोखला होता. गाडी चिखल उडवत सरळ अंगणात. आईनं तुमच्यासाठी नाचणीचं पीठ दिलंय, आणि तुमची छोटी बॅटरी माझ्याच डिकीत राहिली होती, दोन्ही येत्या शनिवारी निघताना देऊन जाईन.

आपली,
वहीवाली बाई

ता. क. मागच्या डाव्या चाकातून काल कुर्र असा बारीक आवाज आला. ब्रेक दाबला की थांबतो. दोन नोंदी झाल्यात.