गाडी विकायची नाही, डावा ॲक्सल बदलायचा

प्रिय आई बाबा,

फोनवर हा विषय निघाला की आई "विकून टाका ती गाडी एकदाची" म्हणते, बाबा गप्प बसतात आणि मग टीव्हीचा आवाज मोठा होतो, म्हणून लिहूनच पाठवते. दोघांनी मिळून वाचा, बाबांनी एकट्याने वाचून आईला अर्धंच सांगायचं नाही.

त्या वर्कशॉपवाल्याने आपल्या फोर बाय फोरच्या दुरुस्तीचा जो कागद हातात दिलाय ना, दोन्ही बाजूचे ॲक्सल (पुढची चाकं फिरवणारे दांडे) नवे, दोन्ही व्हील बेअरिंग, बॉल जॉइंट, वर लेबर, तो बघून कोणीही घाबरेल. पण मी मागच्या वेळी आले तेव्हा गाडीखाली शिरून बघितलंय. डाव्या चाकाच्या रिमला आतून काळं ग्रीस उडालेलं आणि त्यावर आपली तांबडी माती चिकटून असा थर झालाय की बोटाने खरवडून काढावा लागला. ॲक्सलच्या सांध्यावरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, बाहेरच्या टोकाला, घडीच्या खाचेत, फाटलाय. उजव्या बाजूचा बूट जुना आहे, बारीक चिरा दिसतात पण अजून फाटलेला नाही आणि ग्रीस आतच आहे.

मग मी आपल्या सुपारीच्या कुळागरामागच्या मोकळ्या मातीवर फोर-एचमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देऊन, स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरवली. डाव्या चाकाकडून कट-कट-कट, स्पीड वाढवला की तेच पटापट. हा बाहेरच्या, म्हणजे ॲक्सलच्या चाकाकडच्या टोकाच्या, सीव्ही जॉइंटचा आवाज. त्याच्या आत सहा गोळ्या असतात, त्या खाचांमधून सरकतात म्हणून चाक वळलेलं असतानाही फिरत राहतं. बूट फाटला की ग्रीस बाहेर, माती आणि व्हाळातलं पाणी आत, आणि मग गोळ्या नि खाचा दोन्ही झिजतात. बेअरिंग गेलं असतं तर सरळ रस्त्यावर घूं घूं झालं असतं, बॉल जॉइंट गेला असता तर खड्ड्यात टक्क झालं असतं, चाक वर उचलून हलवलं तेव्हाही खेळ जाणवला नाही. मग ते कशाला बदलायचं?

तर डाव्या बाजूला आवाज सुरू झालाय म्हणजे नुसतं ग्रीस भरून काही होणार नाही, जॉइंट बदलावाच लागेल. नुसता बाहेरचा जॉइंट वेगळा मिळतो, तो मिळाला तर सगळ्यात स्वस्त, शाफ्ट आणि आतला जॉइंट आपलाच राहतो, पण आतल्या जॉइंटला खेळ असेल किंवा स्प्लाइन (शाफ्टच्या टोकावरचे दाते) खाल्लेली असेल तर मग पूर्ण ॲक्सल घ्यायचा, तोही एकाच बाजूचा. भंगारातला नको. कुर्ल्याहून स्वस्तात मागवून देतो असं कोणी म्हणेल, पण तो किती झिजलाय ते बाहेरून कळत नाही आणि मजुरी मात्र दोनदा जाते. उजव्या बाजूला फक्त बूट किट, म्हणजे रबर, दोन क्लिपा आणि ग्रीस. ग्रीस काळं मोलीवालंच (मॉलिब्डेनमचं) हवं, गॅरेजमध्ये डब्यातलं साधं पिवळं असतं ते मेकॅनिक हाताला येईल तसं भरतात, ते नको. जुनं सगळं धुऊन काढून मग नवीन.

काम आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडेच होईल, फक्त बाबा तुम्ही तिथे खुर्ची टाकून बसा, तुम्हाला तसंही आवडतं. पूर्ण ॲक्सल घ्यायची वेळ आली तर बसवायच्या आधी जुना आणि नवा शेजारी शेजारी ठेवून लांबी आणि स्प्लाइनचे दाते मोजायला लावा. शाफ्ट बाहेर निघालाच आहे तर डिफरन्शियलचं (डाव्या-उजव्या चाकाला ताकद वाटणारा गिअर) ऑईल सील नवीन टाका, रबराचा तुकडा आहे तो, पैसे वाचवायची जागा नव्हे. बाहेर येणारं गिअर ऑईल बघा, दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, मग सगळं ऑईलच बदला. हब नट नवीन घ्या आणि तो टॉर्क रेंचने मॅन्युअलप्रमाणे आवळायचा, पाइप लावून अंदाजाने नाही, नाहीतर आत्ता चांगली असलेली बेअरिंगच जातील.

आता बाबा रागावू नका. कुळागरातून वर डांबरी रस्त्याला लागलं की तुम्ही फोर-एच काढत नाही, थेट साखळीपर्यंत तसेच जाता, मी पाहिलंय. आपल्या गाडीला पुढच्या नि मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारं मधलं डिफरन्शियल नाही. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर जावं लागतं, चिखलात चाक जरा घसरून ते जुळवून घेतं, डांबरावर घसरायला जागाच नाही, मग सगळा ताण ॲक्सलवर आणि पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर. चोर्ल्याच्या घाटात तर बघायलाच नको. चिखल संपला की टू-एच, म्हणजे दोनच चाकांना ताकद, एवढंच.

आई, तुझं म्हणणं मला कळतं, गाडी जुनी झाली, बाबांचंही वय झालं. पण पावसात आपल्या रस्त्याला साधी कार अर्ध्यातच राहते आणि नवीन फोर बाय फोर दहा लाखांच्या वर. पंधरा वर्षं झाल्यावर आरसी रिन्यू करायची सरकारी फी 2022 मध्ये 5,000 झाली होती, फिटनेस करून घ्यावं लागेल, ते सगळं धरूनही आपल्याला परवडतं. आणि चवथीला माटोळीचं, गणपतीवर बांधायच्या फळांच्या त्या छताचं, सामान काय स्कूटरवर आणणार? सुपाऱ्यांचे घोस पायात ठेवून?

बाबा, आरसीवरचा चेसिस नंबर आणि डॅशबोर्डखालची प्लेट दोन्हीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका, डावा-उजवा ॲक्सल सारखा असेलच असं नाही. मी मडगावला दोन-तीन स्पेअर्सवाल्यांकडे विचारते, बिल आणि पॅकिंग बघूनच घेईन, डुप्लिकेट खूप फिरतोय. पैसे मी देते, त्यावर वाद नको. तोपर्यंत गाडी कुळागरात नेऊ नका, सुपारी शेजाऱ्यांच्या पिकअपमधून येऊ दे.

तुमची
बायो