पंचाने ऐकलं काय?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

शंभर रुपयांच्या लाचेच्या आरोपातून ३९ वर्षांनी सुटलेल्या रायपूरच्या कर्मचाऱ्याविषयी आपल्या एका वाचकांनी संतापून लिहिलं आहे, की असले लोक अपिलात 'तांत्रिक मुद्द्यावर' सुटतात. त्यावर थोडं लिहायचं आहे, कारण अशाच एका सापळ्यात मी पंच, म्हणजे तटस्थ साक्षीदार, होतो.

आधी त्या प्रकरणाबद्दल. ते परक्या राज्याचं समजू नये. १९८६ साली रायपूर आपल्या मध्य प्रदेशातच होतं, कर्मचारी आपल्या राज्य परिवहन निगमचा आणि सापळा आपल्याच लोकायुक्तांचा. खालच्या कोर्टाने २००४ मध्ये एक वर्षाची शिक्षा दिली, ती छत्तीसगड हायकोर्टाने २०२५ मध्ये रद्द केली. म्हणजे १८ वर्षं खाली गेली आणि २१ वर्षं अपिलात.

आता माझं. सापळ्याला दुसऱ्या खात्यातले दोन सरकारी नोकर पंच म्हणून नेतात. साहेबांनी माझं नाव दिलं, मी गेलो. नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची, म्हणजे सोड्याच्या पाण्यात गुलाबी होणारी, पांढरी पूड लावली, नंबर उतरवून घेतले, आणि फिर्यादीला बजावलं, मागितल्याशिवाय द्यायचे नाहीत. मला सांगितलं, जवळ राहा, बोलणं ऐका. ज्यांच्यावर लाचेचा आरोप होता त्या बाबूंनी भेटायला बोलावलं ते रस्त्यावरच्या रसवंतीपाशी. उन्हाळ्याचे दिवस, चरकाचे घुंगरू खळाखळा वाजताहेत, पाच-सहा गिऱ्हाइकं उभी. मी जेमतेम तीन हातांवर होतो. फिर्यादीने खिशातून काही काढलं, बाबूंनी घेतलं, फिर्यादीने ठरल्याप्रमाणे डोक्यावरून हात फिरवला आणि पथक धावलं. सोड्याच्या पाण्यात बोटं बुडवली, पाणी गुलाबी झालं. बाटली लाखेने सीलबंद झाली, तिच्यावर माझी सही आहे.

कोर्टात माझ्या साक्षीची तारीख निघाली तोवर माझी बदली उज्जैनला होऊन मी इंदूरला परतही आलो होतो. बचावाच्या वकिलांनी नोटांबद्दल फार विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच: 'आरोपीने पैसे मागितल्याचं आपण स्वतःच्या कानांनी ऐकलंत का?' मी म्हणालो, नाही. सरकारी वकील माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच पैसे खाल्ले! बाहेर आल्यावर एक शिपाई हळूच म्हणाला, 'बाबूजी, हाँ बोल देते, आपका क्या जाता।' बरंच गेलं असतं. गुलाबी पाणी एवढंच सांगतं की बोटं त्या नोटांना लागली. ती लाच होती, की उसने परत आले, की कोणी बळेच हातात कोंबले, हे पाणी सांगू शकत नाही. ते मागणीवरून ठरतं, आणि मागणी हाच तर गुन्ह्याचा गाभा आहे. त्याला तांत्रिक कसं म्हणायचं?

सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी १५ डिसेंबर २०२२ रोजी, दिल्ली विद्युत बोर्डातल्या लाचेच्या अपिलात, हेच सांगितलं. मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध व्हायलाच हवेत. मात्र फिर्यादी वारला किंवा उलटला म्हणून खटला आपोआप पडत नाही. दुसरा साक्षीदार किंवा परिस्थितीजन्य पुरावाही चालतो. लाचखोरांना ही काही सवलत नव्हे. पण गंमत पुढे आहे. त्या खटल्यातला फिर्यादी साक्षीआधीच वारला होता, आणि मार्च २०२३ मध्ये दोन न्यायाधीशांनी पुरावा तपासला तेव्हा मागणी काही सिद्ध होईना. आरोपी सुटली. सापळा २००० सालचा!

२०१८ च्या दुरुस्तीनंतर असे खटले दोन वर्षांत संपवण्याचा प्रयत्न करावा, मुदतवाढ धरून साधारणपणे चार वर्षांपलीकडे जाऊ नये, असं कायद्यात आहे. ही मुदत खटल्याला आहे, अपिलाला नाही. आमच्या बाबूंना खाली शिक्षा झाली. फिर्यादीच्या साक्षीवर कोर्टाने विश्वास ठेवला, तो कोर्टाचा अधिकार. अपिलात शिक्षेला स्थगिती मिळाली, पण दोषसिद्धी कायम, म्हणून नोकरी गेली ती गेली. ते निर्दोष आहेत असं माझं म्हणणं नाही. मला ठाऊक नाही, आणि अपील ऐकलं जाईपर्यंत कोणालाच म्हणता येणार नाही. मध्येच ते वारले, तर ३० दिवसांत घरच्यांनी परवानगी मागितली तरच अपील पुढे चालेल, नाहीतर फाइल बंद.

वाचक महाशयांना राग काढायचाच असेल तर तो सापळा रचणाऱ्यांवर काढावा. पंचाला ऐकू येईल अशी जागा निवडा, रेकॉर्डर चालतोय का ते आधी तपासा, आणि पंचाची साक्ष त्याला सगळं आठवतंय तोवर घ्या. आपल्यालाही एक विनंती: सापळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण गुलाबी बोटांचा फोटो पहिल्या पानावर छापता, तसा अपिलाचा निकालही छापत जावा, मग तो कसाही लागो.

आपला,
एक सेवानिवृत्त लेखापाल
राजेंद्र नगर, इंदूर
(प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने कृपया नाव छापू नये.)