रेस ट्रॅकवरच्या प्रशिक्षकांना अनावृत आभारपत्र

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथील रेस ट्रॅकवर आपण आम्हा नवख्यांसाठी जो मोटारसायकल प्रशिक्षणवर्ग घेतलात, त्याचे आभार मी निघण्याच्या गडबडीत दोन शब्दांत उरकले होते. ते नीट मानावेत म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते खुले ठेवण्याचे कारण असे की, मुंबईत रोज दुचाकीने कामावर जाणाऱ्या पुष्कळांना ट्रॅकवर जाऊन शिकणे म्हणजे वेगाचे खूळ वाटते. माझ्या घरीही तसेच झाले. ‘रेस’ हा शब्द ऐकून आईला प्रथम महालक्ष्मीचे घोडे आठवले आणि हा ट्रॅक मोटारसायकलींचा आहे हे कळल्यावर तिला घोडेच बरे वाटू लागले.

आमच्याकडे मोटारसायकल शिकतात ती साधारणपणे सोसायटीच्या आवारात, मागे बसलेल्या मामेभावाच्या हुकमावर. पुढे आरटीओच्या मैदानात पाय न टेकता इंग्रजी आठचा आकडा काढून दाखवला की परवाना हाती येतो. या साऱ्या शिक्षणात ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर आपटशील’ अशा आज्ञा भरपूर असतात, पण त्यामागची कारणे कोणी सांगत नाही. आपण कारणे सांगितलीत, आणि माझे खरे आभार त्यासाठीच आहेत.

ब्रेक लावताच गाडीचा भार पुढच्या चाकाकडे सरकतो, त्यामुळे पुढचे टायर रस्त्यावर अधिक दाबले जाते आणि त्याची पकड वाढते. मात्र हा भार सरकायला क्षणभर लागतो, म्हणून लिव्हर झटक्याने न ओढता आधी हलके आणि मग वाढत्या जोराने दाबायचे, हे आपण फळ्यावर एका साध्या आकृतीने समजावलेत. त्याच वेळी मागचे चाक हलके होत असते, म्हणून केवळ मागच्या ब्रेकवर विसंबणारा स्वार उशिरा थांबतो आणि ओल्या रस्त्यावर त्याची गाडी मागून सरकते. एवढ्यावर न थांबता आपण आम्हाला आधी ताशी 40 किलोमीटर आणि मग ताशी 60 किलोमीटर वेगावरून थांबायला लावलेत आणि थांबल्याच्या जागी शंकू ठेवलेत. वेग दीडपट झाला की ब्रेक लावल्यापासूनचे अंतर दीडपट नव्हे, सुमारे सव्वादोनपट होते, हे गणित शाळेतही झाले असणार. पण त्या दोन शंकूंमधली रिकामी जागा पाहिल्यावर वर्गातले सगळेच काही वेळ गप्प झाले.

वळणांच्या बाबतीतही तेच. उजवीकडे वळायचे असेल तर हँडलची उजवी बाजू पुढे ढकलायची, हे ऐकून आमच्यातला एक तरुण उघडपणे हसला. आपण त्याला न रागावता, सरळ पट्ट्यावर बेताच्या वेगाने एकाच हाताच्या तळव्याने तसे करून पाहायला सांगितलेत. पुढचे चाक क्षणभर उलट दिशेला जाते आणि म्हणूनच गाडी हव्या त्या बाजूला झुकते, हे त्याच्या लक्षात आले आणि दिवसभर तोच इतरांना समजावत फिरला. सुरुवातीच्या सत्रात ब्रेकला हात न लावता, एकाच गिअरमध्ये फेऱ्या मारायला लावण्यामागचा हेतूही आपण आधीच उलगडलात: ब्रेकचा आधार नसला की वळणात शिरण्याचा वेग डोळ्यांनी जोखावा लागतो आणि नजर आपोआप दूर जाते. झेंड्यांचे अर्थ, पिट लेनची, म्हणजे ट्रॅकवर येण्या-जाण्याच्या बाजूच्या पट्ट्याची, शिस्त, आरशांवर चिकटपट्टी लावणे हे सारे आपण झटपट उरकलेत, आणि ते योग्यच होते.

मुंबईत या शिक्षणाचा उपयोग काय, असे मला अनेकांनी विचारले. वांद्रे-वरळी सागरी सेतू, ईस्टर्न फ्रीवे, कोस्टल रोड आणि अटल सेतू या साऱ्यांवर दुचाकींना मनाई आहे. आमच्या वाट्याला सिग्नल, पेव्हर ब्लॉक, मेट्रोच्या कामाचे ओले लोखंडी पत्रे आणि अचानक दार उघडणाऱ्या टॅक्सी उरतात. अशा रस्त्यावर वळणात झुकून जमिनीला गुडघा टेकवण्याची कला काय कामाची? पण पवईच्या उतारावर पावसात पुढची बस थांबते, तेव्हा बोटे आपण शिकवल्याप्रमाणे हळूहळू आवळली जातात. लोखंडी पत्र्यावर चाक येण्याआधीच वेग कमी होतो आणि त्याच्यावरून जाताना ब्रेक सुटलेला असतो. ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही, वळणाबाहेर मोकळी जागा असते आणि रुग्णवाहिका उभी असते, म्हणून तिथला वेग तिथेच ठेवायचा, हे आपण बजावलेत. नवी मुंबईतल्या पाम बीच मार्गावर पहाटे गाड्या पळवणाऱ्या आमच्याकडच्या मुलांना हे आपल्या तोंडून ऐकवावे, असे फार वाटते.

त्यावरून एक विनंती आहे. केवळ ब्रेक आणि नजर एवढाच भाग एका सकाळीत शिकवता येईल असे मला वाटते आणि त्यासाठी ट्रॅक नव्हे, एखादे मोठे मोकळे डांबरी आवार पुरेल. चेन्नईचा प्रवास, गाडीचे आणि लेदर सूटचे भाडे सर्वांना परवडत नाही; ठाणे किंवा नवी मुंबई परिसरात असा वर्ग घेण्याचे आपण मनावर घेतलेत, तर जागा शोधणे आणि माणसे जमवणे ही कामे मी आनंदाने करीन.

तोपर्यंत पुढच्या वर्गाला माझी धाकटी बहीण येऊ इच्छिते. ती माझ्याहून जास्त प्रश्न विचारते, त्याची आपल्याला अडचण होणार नाही. तिच्या मापाचा सूट आणि बूट तिथे भाड्याने मिळतील का, एवढे कृपया कळवावे.

कळावे, लोभ असावा.

आपला विद्यार्थी,
मुलुंड, मुंबई